गणपतीची दश्शी

अक्का.

लिहायला बसलो तेव्हाच ठरवलं होतं, पहिला शब्द हाच असेल. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आज मी जळगावात एका खासगी क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवतो. आईकडच्या आणि वडिलांकडच्या, दोन्ही घराण्यांत पदवी घेतलेला पहिला माणूस मी. हे ज्या एका माणसामुळे झालं ती अक्का. ती शिरपूरकडे दिलेली आहे, आणि गेल्या काही वर्षांत ती आखाजीला माहेरी आलेली नाही. यंदा ती यावी, एवढ्यासाठी मी एक पत्र लिहिलं. पण त्या पत्राआधी पत्त्यांबद्दल सांगायला हवं, कारण अक्का आणि पत्ते या दोन गोष्टी माझ्या डोक्यात वेगळ्या निघतच नाहीत.

क्लासमधली मुलं हसतात. "सर, तुम्ही कॉम्प्युटरवाले, आणि घरी पत्ते कुटता?"

"हो," मी म्हणतो. "आणि चांगले कुटतो."

मला त्यात कमीपणा वाटत नाही. उलट थोडा तोराच वाटतो.

आमचं गाव साक्री तालुक्यातलं. अक्षय्य तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो, आणि आमच्याकडे दिवाळीपेक्षा तिचाच थाट मोठा. सासरी गेलेल्या पोरी माहेरी येतात. लिंबाच्या झाडांना झोके बांधले जातात, घरोघर सांजोऱ्या तळल्या जातात, आणि पुरुष मारुतीच्या पारावर पत्ते खेळायला बसतात. एरवी पत्त्याला हात लावला तर जो माणूस बिघडला म्हणून ओरड होते, तोच आखाजीला उघड्यावर डाव मांडून बसतो आणि त्याला कोणी काही बोलत नाही. वर्षातले तेवढे दिवस मोकळीक असते.

माझ्या वडिलांना, म्हणजे नानांना, पत्त्यांची फार आवड. पण पैसे लावून खेळायचं नाही हा त्यांचा हट्ट. त्यामुळे पारावर त्यांना कोणी बसवून घेत नसे. "पैसा लावना नही ते खेळ कसाना?" असं म्हणून एकदा तिथल्या मंडळींनी त्यांना उठवलंच. नाना तोंड पाडून घरी आले, ओट्यावर गोधडी अंथरली आणि मायला म्हणाले, "बस, आपणच खेळू." मायला बसवलं, मला बसवलं. मला तेव्हा धड पत्ते धरता येत नव्हते, माझी पानं मांडीवर सांडायची. आम्ही तीनच झालो आणि नानांना खेळायचा होता मेंढीकोट. त्याला चार माणसं लागतात.

"चौथा कोण आणायचा?" नाना म्हणाले.

तेवढ्यात अक्का झोक्यावरून उतरून पाणी प्यायला घरात आली होती. तांब्या तोंडाला लावलेला असतानाच तिनं ऐकलं. तांब्या खाली ठेवला, हात परकराला पुसले आणि गोधडीच्या रिकाम्या बाजूला येऊन बसली.

"चौथी मी शे."

शेजारची काकू दारावरून जात होती. ती थबकली. "वं माय! पोर पत्ता खेळस का कोठे?"

अक्कानं तिच्याकडे पाहिलंही नाही. ती नानांना म्हणाली, "वाटा ना." नानांनी पानं वाटली. मी अक्काच्या समोर बसलो होतो, म्हणून मी तिचा भिडू झालो. तेव्हापासून मी तिचा भिडूच आहे.

मेंढीकोट ज्यांनी खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. समोरासमोर बसलेले दोघे भिडू, अशा दोन जोड्या. प्रत्येकाला तेरा पानं. पहिल्यानं ज्या रंगाचं पान टाकलं त्या रंगाचं पान बाकीच्यांनी टाकायचं, आणि ज्याचं पान मोठं त्यानं तो चार पानांचा हात उचलायचा. पण सगळ्यांची नजर असते ती चार दश्श्यांवर. दश्शीला या खेळात मेंढी म्हणतात. ज्या जोडीनं जास्त मेंढ्या पळवल्या ती जिंकली, आणि चारही पळवल्या तर समोरच्यांवर कोट चढला. कोट चढलेल्या जोडीनं आमच्या घरी सगळ्यांसाठी चहा करायचा असे. त्यापेक्षा मोठी पैज आमच्या ओट्यावर कधी लागली नाही.

आखाजी संपली, गावातले पत्ते पेट्यांमध्ये गेले. आमचे मात्र गेले नाहीत. नाना म्हणाले, "आपण पैसे लावत नाही, मग आपल्याला आखाजी कशाला पाहिजे?" शेतातून आल्यावर, जेवणाआधी, आमचा डाव बसायचा. गावात आमच्या घराला लोक हसायचे, ते मला माहीत होतं. पण संध्याकाळी आमच्या ओट्यावरून जेवढं हसू ऐकू यायचं तेवढं त्या गल्लीत दुसऱ्या कुठल्या घरातून येत नव्हतं, हेही माहीत होतं.

एकदा डाव अर्धा टाकून आम्ही गावात आलेली बैलांची नवी जोडी बघायला धावलो. परत येऊन पाहतो तर आमची शेळी गोधडीवर उभी आणि तिच्या तोंडातून बदामच्या दश्शीचा एक कोपरा लोंबतोय. मी ओढायला गेलो तर तिनं तोही गिळला. अक्का दोन्ही हात डोक्याला लावून ओरडली, "बकरीनी मेंढी खाई टाकी!"

नाना इतके हसले की त्यांना ठसका लागला. मायनं त्यांच्या पाठीवर थापट्या मारल्या आणि मग तीही हसत बसली. पण पानं एकावन्न राहिली, आणि एका मेंढीशिवाय मेंढीकोट होत नाही. पत्त्यांचा नवा कॅट साक्रीच्या बाजाराशिवाय मिळणार नव्हता. अक्का म्हणाली, "मी करते." एका नातेवाइकाची लग्नपत्रिका घरात होती, जाड कागदाची. तिनं पत्त्याच्या मापाची कात्रीनं कापली, आतल्या कोऱ्या बाजूवर लाल पेनानं बदाम काढले, कोपऱ्यात दहाचा आकडा घातला. दुपारभर ती तेच करत बसली होती. जीभ बाहेर काढून, एकेक बदाम घोटून.

डाव वाटला तेव्हा चूक कळली. पत्रिकेच्या दुसऱ्या बाजूला सोनेरी गणपती छापलेला होता. बाकी सगळ्या पानांच्या पाठी निळ्या, आणि एका पानाच्या पाठीवर गणपती. बदामची दश्शी कोणाच्या हातात आहे ते चौघांनाही आधीच दिसत होतं.

"आता काय लपवायचं?" नाना म्हणाले.

नानांनी तिथंच नियम केला. गणपती ज्याच्याकडे येईल त्यानं तो हातात धरायचाच नाही. आपल्यासमोर उघडा ठेवायचा, आणि वेळ येईल तेव्हा खेळायचा. सगळ्यांना दिसणारी मेंढी राखून दाखवायची. नियम झाला, पहिला डाव सुरू झाला, आणि मी ती दश्शी टाकली. सरळ टाकली, बदाम वर. म्हणजे गणपती खाली. माय एकदम म्हणाली, "अरे, देव पालथा नको पाडू!"

मग दुसरा नियम झाला. ते पान टाकायचं ते गणपती वर ठेवूनच. ते बदामची दश्शी आहे हे सगळ्यांना ठाऊकच आहे, बदाम बघायची गरज काय? अशा रीतीनं अक्कानं दुपारभर घोटलेले बदाम कायमचे गोधडीकडे तोंड करून राहिले. ती रागावली. "मी मरी मरी दहा बदाम काढात, आन् कोनी देखाच नही!"

पुढच्या बाजाराला नानांनी नवा कॅट आणला. पूर्ण बावन्न पानांचा. पण पहिल्या डावातच चौघांनाही चुकल्यासारखं वाटलं. लपलेल्या चार मेंढ्यांचा खेळ सोपा वाटायला लागला. शेवटी अक्कानंच नव्या कॅटातली बदाम दश्शी काढून बाजूला ठेवली आणि गणपती आत घातला. त्यानंतर आमच्या घरात कितीतरी कॅट झिजले. प्रत्येकातली बदाम दश्शी काढली जायची, गणपती तोच राहायचा. पाहुणे विचारायचे, हे काय? आम्ही नियम सांगायचो. ते म्हणायचे, "असा मेंढीकोट कुठं नसतो." नाना म्हणायचे, "आठे शे."

अक्काचं लग्न झालं. मी बारावी झालो. पुढं कॉम्प्युटरची पदवी घ्यायची तर कॉलेज शिरपूरला, आणि होस्टेलचं आमच्यानं जमण्यासारखं नव्हतं. अक्का तेव्हा नुकतीच तिथल्या सासरी रुळत होती. नव्या सुनेनं माहेरचा माणूस राहायला आणायचा म्हणजे काय असतं, हे मला आता कळतं. तिनं सासऱ्यांना विचारलं तेव्हा मी दाराबाहेर उभा होतो.

"किती दिवस राहील तो?" सासरे म्हणाले.

"डिग्री होईपर्यंत," अक्का म्हणाली. आवाज खाली न घेता.

मी तिथं तीन वर्षं राहिलो.

कॉलेजच्या लॅबमध्ये तास संपला की मुलं गेम लावायची. गाड्यांच्या शर्यती, बंदुका. मी त्याआधी माउसला हात लावलेला नव्हता. पहिल्या दिवशी एकानं मला खुर्चीत बसवलं. माझी गाडी रस्ता सोडून उलट्या बाजूनं निघाली, भिंतीला धडकून तिथंच घरघरत राहिली. "ए, याची बैलगाडी आली रे!" सगळी लॅब हसली. नंतर काही महिने माझं नाव बैलगाडीच होतं.

घरी येऊन मी अक्काला सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापता थापताच म्हणाली, "तठे गाडी उलटी गयी ते जाऊ दे. आठे पान सुलटं टाक."

तिच्याकडे कॅट होताच. लग्नात सामानाबरोबर तिनं गणपतीही आणला होता, मायनं आग्रहानं दिला होता. पण खेळणार कोण? दाजी जिनिंगमध्ये कामाला, कापसाच्या हंगामात त्यांची संध्याकाळ तिकडेच जायची. सासरे तयार झाले. सासूबाई मात्र म्हणाल्या, "पत्ते आखाजीले. रोज रोज कोण खेळस?" पहिले काही दिवस त्या लांबून बघत राहिल्या. आम्ही तिघं पाच-तीन-दोन खेळायचो, तो तिघांचा खेळ. मग एक दिवस सासऱ्यांनी चुकीचं पान टाकलं आणि सासूबाईंना राहवलं नाही. "राजा होता ना तुमच्याकडे! पाहू, सरका." त्या बसल्या त्या बसल्याच. त्या नवऱ्याच्या समोर बसायच्या नाहीत. भिडू म्हणून त्यांना मीच लागायचो. "हा सांगितलेलं ऐकतो," म्हणायच्या. त्यामुळे त्या घरात अक्का आणि मी बऱ्याचदा एकमेकांविरुद्ध खेळलो, आणि अक्कानं मला भाऊ म्हणून कधी सूट दिली नाही.

तिची एक अट होती. पानं वाटायची तीच, आणि मी त्या दिवशीचा एक धडा तिला समजावून सांगितल्याशिवाय ती वाटत नसे. अक्का दहावी शिकलेली. मी तिला संगणकाची भाषा समजावत होतो. तिला सगळं कळत होतं असं नाही, आणि ती तसं म्हणतही नसे. पण मला जे कळलेलं नाही ते मी पटकन बोलून पुढं सरकायला लागलो की ती कॅट हातात धरून थांबायची.

"इथं तू हुकूम लपवतोयस."

"काही लपवत नाहीये."

"मग परत सांग. हळू सांग."

मला परत पुस्तक उघडावं लागे. सासूबाई ओरडायच्या, "सोड ना त्याला, डाव थंड होतो!" अक्का सोडत नसे. आज वर्गात मी शिकवताना एखाद्या मुलाचा चेहरा बघून थांबतो, 'परत सांग, हळू सांग' म्हणतो, तेव्हा मुलांना वाटतं ही सरांची पद्धत आहे. ती शिरपूरच्या त्या ओट्यावरची आहे.

गाडीचे गेम मी नंतर शिकलो. वाईट नव्हतो. शेवटच्या वर्षी तर लॅबमधल्या त्याच मुलांना हरवलंही. पण तिथं जिंकल्यावर काय करायचं ते मला कळायचं नाही. हरलेला मुलगा स्क्रीनकडेच बघत बसायचा, मीही स्क्रीनकडेच. ओट्यावर कोट चढला की सासरे पानं गोधडीवर आपटायचे, सासूबाई विजयानं पदर सावरायच्या आणि अक्का चहाला उठताना म्हणायची, "उद्या बघते तुला." त्या उद्याची मी वाट बघायचो.

निकाल लागला त्या दिवशी मी पहिल्यांदा अक्कालाच सांगितलं. ती विहिरीवरून आली होती, हातातली बादली तिथंच ठेवून गल्लीत गेली. तिच्या आवाजात जे होतं ते मी नंतर कुठल्या कौतुकात ऐकलं नाही. शेजारणींना ती सांगत होती, "मन्हा भिडू ग्रॅज्युएट व्हयना!"

भाऊ म्हणाली नाही. भिडू म्हणाली.

नोकरीसाठी मी जळगावला आलो, लग्न झालं, मुलगी झाली. मुलगी आता सातवीत आहे. माझ्याच लॅपटॉपवर तिचे गेम आहेत, मीच टाकून दिले. मी ते बंद केले नाहीत. मला गेम वाईट वाटत नाहीत, आणि 'बंद कर' म्हणून काय होतं ते मी क्लासमधल्या पालकांकडे बघून शिकलोय. मी फक्त जेवणाआधी चटई टाकायला लागलो. पहिले दिवस मी आणि बायको दोघंच बसलो. मुलगी खोलीतून गेम खेळता खेळता ओरडून विचारायची, "कोण हरलं?" मग दारात येऊन विचारायला लागली. मग बसली.

एकदा मी तिला विचारलं, लॅपटॉप सोडून इथं का बसतेस गं?

ती म्हणाली, "लॅपटॉप हरला तर त्याचं तोंड पडत नाही ना बाबा. तुमचं पडतं."

आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये रविवारी खेळ मांडायचे, ही कल्पनाही तिचीच. कॅरम आला, सापशिडी आली, कोणी बुद्धिबळ आणलं, आम्ही पत्ते नेले. सोसायटीचे अध्यक्ष तिसऱ्या रविवारी खाली आले.

"सर, पार्किंगमध्ये पत्ते?"

"पैसे लावत नाही आम्ही."

"ते तुम्हाला माहीत. रस्त्यावरून जाणाऱ्याला काय दिसतं? पत्ते दिसतात!"

मी पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून लावलं, 'येथे पैसे लावून खेळले जात नाही.' दुसऱ्या दिवशी दूधवाल्यानं ते वाचलं आणि मला म्हणाला, "साहेब, कालपर्यंत लावत होते का?" पाटी काढून टाकली. पुढच्या रविवारी तळमजल्यावरच्या मारवाडी आजी, ज्यांच्या मुलांचं कापडाचं दुकान आहे, कापडी चौपड, म्हणजे सोंगट्यांचा पट, आणि कवड्यांची पिशवी घेऊन आल्या. "बेटा, मेरे लिए कुर्सी रखना. नीचे नहीं बैठा जाता." त्या बरोबर मधोमध बसल्या. त्यानंतर जुगाराच्या अड्ड्याचं नाव कोणी काढलं नाही. अध्यक्ष आता कॅरम खेळतात.

हे सगळं मी अभिमानानं सांगतो. पण चौथं माणूस मिळत असूनही घरात मेंढीकोट मी मांडला नव्हता. आम्ही तिघं पाच-तीन-दोनच खेळायचो. पोरीच्या मैत्रिणी चौथ्या म्हणून बसायला तयार असायच्या, मी म्हणायचो, नको. तो डाव अक्काचा आहे.

नाना गेले, मग दोन वर्षांनी माय गेली. मायच्या सामानात गणपतीची दश्शी निघाली. अक्कानं ती शिरपूरहून मायला परत आणून दिली होती, माय एकटी पडल्यावर. ती मी जळगावला आणली, पाकिटात घालून कपाटात ठेवली. गावचं घर काकांकडे गेलं. आणि अक्कानं आखाजीला येणं थांबवलं.

मी दर वर्षी फोन करतो. जळगावला ये म्हणतो. "जमनं ते येसू," म्हणते. येत नाही. गेल्या वर्षी जरा जोर केला तेव्हा ती म्हणाली, "माहेर कोठे शे आते मन्हं? तुझ्याकडे येईन ती पाहुणी म्हणून येईन. सोफ्यावर बसून राहायला नाही जमत मला." त्या दिवसांत तिची गल्ली रिकामी होते. जावा माहेरी जातात, शेजारणी जातात. अक्का सगळ्यांच्या घरांवर लक्ष ठेवते. ज्या बाईनं मला तीन वर्षं तिचं सासर घर म्हणून दिलं, तिला मी आखाजीचं माहेर देऊ शकलो नाही, हे मला बोचत होतं. आणि फोनवर तिला काय म्हणू म्हणजे ती येईल, ते सापडत नव्हतं.

ते शोधून दिलं माझ्या मुलीनं. महिन्यापूर्वी कपाट आवरताना तिला ते पाकीट मिळालं. मी तिला शेळीची गोष्ट सांगितली, नियम सांगितले, देव पालथा पाडायचा नाही हे सांगितलं. ती ऐकत होती, आणि ऐकता ऐकता तिनं पान उलटं करून बदाम बघायला सुरुवात केली. कोणी कधी नीट बघितलेच नव्हते. ती बोटानं मोजत होती. मग परत मोजले.

"बाबा," ती म्हणाली, "ही दश्शी नाहीच."

मी पान हातात घेतलं. मीही मोजले. बायकोला बोलावलं, तिनंही मोजले. मग आम्ही तिघं चटईवर बसून हसत सुटलो. आणि मला कळलं की आता अक्काला काय लिहायचं. फोनवर सांगण्यासारखी ती गोष्ट नव्हतीच, पान फोनमधून पाठवता येत नाही. हे ते पत्र. जसं पाठवलं तसंच देतोय.

*

अक्का,

पत्र बघून घाबरू नको, आम्ही सगळे बरे आहोत. दाजींना आणि तुझ्या सासूबाईंना माझा नमस्कार सांग. सासूबाईंना सांग की त्यांचा भिडू अजून सांगितलेलं ऐकतो, हवं तर तुझ्या भावजयीला विचारा.

पाकिटात काय आहे ते तू आधीच बघितलं असशील. बरोबर, आपला गणपती. आता त्याची पाठ फिरव आणि बदाम मोज. शांतपणे मोज. तुझ्या भाचीनं दोनदा मोजले, मी दोनदा, तुझ्या भावजयीनं एकदा. अकरा आहेत, अक्का! एवढी वर्षं आपण अकराची दश्शी खेळलो. नानांवर तू किती कोट चढवलेस या दश्शीच्या जोरावर? ते सगळे आता संशयात आले. माय असती तर म्हणाली असती, देव वर होता म्हणून वाचलो.

तुझी भाची म्हणते, आत्यानं फसवलं. मी म्हटलं, आत्या कधी फसवत नाही, दुपारभर बदाम घोटता घोटता एक जास्त झाला असेल. ती म्हणाली, मग आत्यानं येऊन सांगावं. तिचं बरोबर आहे. उत्तर द्यायला तुला यावं लागेल.

तू म्हणालीस, माहेर कुठं आहे आता. मी बरेच दिवस त्याचा विचार करतोय. मला एवढंच कळलं की माहेर म्हणजे मला तरी ते गावचं घर आठवत नाही, ओट्यावरची गोधडी आठवते. ती गोधडी माझ्याकडे आहे, मायच्या हातची. सोफ्यावर तुला कोणी बसवणार नाही, तो मी त्या दिवसांत भिंतीकडे सरकवून ठेवणार आहे. सांजोऱ्या तुझ्या भावजयीला येत नाहीत, तेव्हा तुला त्या करायला लागतील, हे आत्ताच सांगून ठेवतो. पाहुणीला कोणी तळायला लावतं का?

आम्ही इथं तिघं आहोत. तिघांचा पाच-तीन-दोन होतो, आणि आम्ही रोज खेळतो. मेंढीकोट मी एकदाही मांडलेला नाही. लोक विचारतात चौथा कोण, मी सांगत नाही. तुला सांगतो. चौथी तू शेस. आधीपासून तूच आहेस.

कोणासमोर कोण बसायचं ते मी ठरवून ठेवलंय. तुझी भाची तुझी भिडू. तू पानं वाटशील, आणि ती शाळेतला एक धडा समजावून सांगेपर्यंत वाटायचं नाहीस. तिला मी हे सांगितलेलं नाही. ते तूच सांग.

आखाजीच्या दोन दिवस आधीची सकाळची एसटी धर. मी जळगावच्या स्टँडवर उभा असेन. दश्शी तुझ्याजवळ आहे, ती आल्याशिवाय आमच्याकडे कॅट एकावन्नचा आहे. येताना पाकीट पिशवीत घाल, हातात धरू नको, आणि तुझ्या गल्लीतल्या शेळ्यांपासून जप.

तुझा भिडू